चौदा दिव्यांचे गाव

राज्याची सीमा तुटक रेघेने काढावी आणि देशाची सीमा जाड रेघेने काढावी, असे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. रेघ चुकली की मी गुणही कापतो. दोन वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीने नकाशातल्या बंगालजवळच्या नागमोडी रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, "गुरुजी, ह्या रेघेवर जी गावे येतात, तिथली माणसे कोणत्या बाजूला झोपतात?" वर्ग हसला. मीही हसलो. पण उत्तर काही मला देता आले नाही, आणि प्रश्न मनातून जाईना.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, मास्तरकी पत्करली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. तेव्हा पंडितांनी ह्या लेखाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. परंतु मध्यंतरी एका दिवाळीच्या सुटीत त्या रेघेवरच्याच एका गावी चार-पाच दिवस राहण्याचा योग आला. गावाचे नाव बनगाव. बंगाली माणूस त्याचा उच्चार 'बोनगाँ' असा करतो. अर्थ मात्र आपल्याला विचारावा लागत नाही. बनातले गाव ते बनगाव. कलकत्त्याच्या सियालदा स्टेशनात लोकल गाडीत बसले की सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर, दोनएक तासांत, माणूस तेथे उतरतो. तेथून बांगलादेशची सीमा अवघी पाच-सहा किलोमीटर. त्या गावाने, म्हणजे आताच्या त्या शहराने, मला जे शिकवले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लिखाणाचा हेतू.

तेथे ज्या मास्तरांच्या घरी मी उतरलो, त्यांची आणि माझी ओळख पत्रांतून झालेली. तेही शाळामास्तर. दारात पाऊल ठेवतो तोच त्यांच्या आईने, ऐंशीच्या घरातल्या त्या माउलीने, मला न्याहाळून विचारले, "मास्टरमोशाय कुठले?" मुलाने सांगितले, "महाराष्ट्रातले." म्हातारीने डोळे मिचकावले आणि म्हणाली, "म्हणजे बर्गी की!" घरभर हशा पिकला.

माझा चेहरा मात्र उतरला असावा. १७४२ ते १७५१ ह्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या. आपल्या बखरींत त्या पराक्रमाच्या खात्यात जमा आहेत. बंगालच्या घराघरांत मात्र 'बर्गी' हा शब्द उरला तो अंगाईगीतात, आणि तोही मुलांना भिववून निजवण्यासाठी. त्या वेळी पश्चिम बंगालातली कितीतरी कुटुंबे घरेदारे सोडून भागीरथी ओलांडून पूर्वेकडे पळाली. गाव सोडून पळावे लागणाऱ्या माणसांची कथा ऐकायला मी आलो होतो. त्या कथेच्या एका जुन्या पानावर आपलेही नाव आहे, हे उंबऱ्यातच कळले. म्हातारीने माझ्या हातावर नारळाचा लाडू ठेवला आणि प्रकरण तेथेच मिटले. ह्या म्हातारीला सगळी आळी 'माशिमा' म्हणते, म्हणजे मावशी. मीही म्हणू लागलो.

बनगाव वसले आहे इछामती नदीच्या काठी. नदियाच्या बाजूला माथाभांगा नदीला दोन फाटे फुटतात. एक चुर्णी आणि दुसरी इछामती. ही इछामती बनगावजवळून वाहत दक्षिणेला जाते आणि पुढे काही अंतर दोन देशांमधली हद्द होऊन वाहते. आता तिचा उगमाकडचा भाग गाळाने भरला आहे आणि पात्रात जागोजाग जलपर्णीची गादी पसरलेली असते. पण एके काळी ह्याच नदीतून निळीच्या पेट्या भरलेल्या नावा जात असत.

नीळ म्हटली की आपल्याला पांढऱ्या धोतराला देण्याची नीळ आठवते. बंगाली माणसाला आठवतो तो जुलूम. गोऱ्या मळेवाल्यांनी शेतकऱ्याला थोडी रक्कम आगाऊ द्यायची, तिला 'दादन' म्हणत. आणि एकदा दादन घेतले की चांगल्या भातजमिनीत नीळच लावायची. भाव मळेवाल्याचा, माप मळेवाल्याचे, हिशेबही त्याचाच. कर्ज बापाकडून मुलाकडे जाई. १८५९-६० साली नदिया आणि जेसोर ह्या भागांतल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायची नाही असे ठरवले, आणि हिंदू व मुसलमान कुणबी त्यात बरोबरीने उभे राहिले. बनगावजवळच्या चौबेडिया गावचे दीनबंधू मित्र टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांनी १८६० साली 'नीलदर्पण' हे नाटक निनावी छापले. त्याच्या इंग्रजी भाषांतरापायी रेव्हरंड जेम्स लाँग ह्या पाद्र्याला १८६१ साली एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. तो दंड कालीप्रसन्न सिंह ह्या बंगाली गृहस्थाने तिथल्या तिथे भरला. पुढे १८७२ साली कलकत्त्यात तिकीट लावून नाट्यगृह सुरू झाले, तेव्हा पहिला मान ह्याच नाटकाला मिळाला.

ह्या उठावानंतर लवकरच बनगावला आपल्याकडच्या प्रांतासारखी कचेरी आली, आणि १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत कलकत्त्याहून बनगावमार्गे जेसोर, खुलन्याकडे जाणारी आगगाडी सुरू झाली. कचेरी आली की वकील येतात, गाडी आली की आडते येतात, आणि दोघे आले की शाळा निघते. अशा रीतीने गावाचे शहर होऊ लागले.

ह्या गावाची एक गंमत माझ्या स्नेह्यांनी सांगितली. बनगाव जागचे हलले नाही, पण त्याचे जिल्हे हलत राहिले. आधी ते नदिया जिल्ह्यात होते. १८८२ च्या सुमारास जेसोरमध्ये गेले. १९४७ साली चोवीस परगण्यात आले. आणि १९८६ साली त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा उत्तर चोवीस परगण्यात पडले. "आमचे पणजोबा, आजोबा, वडील आणि मी, चौघांचे जिल्हे चार. पत्ता मात्र एकच," ते म्हणाले.

मला ह्या गावी ओढून नेणारे खरे कारण निराळेच होते. 'पथेर पांचाली' मी तरुणपणी हिंदीतून वाचली, आणि मास्तराने कादंबरी लिहू नये असे मला जे वाटत असे ते त्या दिवसापासून वाटेनासे झाले. विभूतिभूषण बंद्योपाध्याय (१८९४–१९५०) ह्यांचे बाराकपूर हे गाव बनगावच्या जवळच, गोपालनगरला लागून. ते शिकले बनगावच्या हायस्कुलात. तेथूनच १९१४ साली ते एंट्रन्स परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले. घरची गरिबी एवढी की पोराने शाळेत जावे ही गोष्टच नवलाची. पुढे बी. ए. होऊनही त्यांनी आयुष्याचा मोठा भाग मास्तरकीत घालवला, आणि अखेरची वर्षे गोपालनगरच्याच शाळेत शिकवले. त्यांची शेवटची मोठी कादंबरी 'इछामती' ह्याच नदीकाठच्या निळीच्या दिवसांवर आहे. ती १९५० साली निघाली, त्याच वर्षी ते गेले, आणि बंगालचा रवींद्र पुरस्कार तिला त्यांच्या मागे मिळाला. मी शाळेसमोर बराच वेळ उभा राहिलो. घंटा झाली, पोरे धावत बाहेर आली, एकाची चप्पल चिखलात अडकली. जगातल्या सगळ्या शाळा सुटताना सारख्याच दिसतात.

त्याच कादंबरीच्या सालाच्या तीन वर्षे आधी ह्या गावावरून ती रेघ गेली होती. सर सिरिल रॅडक्लिफ हे इंग्रज वकील ८ जुलै १९४७ रोजी हिंदुस्थानात उतरले. ह्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिला नव्हता. पाच-सव्वापाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल अशा दोन प्रांतांच्या सीमा ठरवल्या. निवाडा तयार होता, पण तो जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन दिवसांनंतर. तोवर तात्पुरत्या यादीप्रमाणे अख्खा जेसोर जिल्हा पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात धरला होता, आणि बनगाव जेसोर जिल्ह्यात होते.

वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री मुंबईत, पुण्यात रोषणाई चालू होती, आणि इकडे बनगावातल्या माणसाला आपण कोणत्या देशात झोपलो आहोत हेच ठाऊक नव्हते. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलेला प्रश्न तीन दिवस ह्या गावाला पडलेला होता. निवाडा बाहेर आला तेव्हा जेसोरातली बनगाव आणि गायघाटा ही दोनच ठाणी हिंदुस्थानाकडे आली. बाकीचा जिल्हा पलीकडे राहिला. म्हणून बनगावात १५ ऑगस्टबरोबर १८ ऑगस्टलाही झेंडा उभारून तो दिवस साजरा करणारी माणसे आहेत. बाहेरच्याला ते विचित्र वाटते. गावाला वाटत नाही.

पण ह्या आनंदाला दुसरी बाजू होती. कचेरी इकडे राहिली आणि जिल्ह्याचे ठिकाण तिकडे. बाजार इकडे आणि बाजाराला माल घालणारी खेडी तिकडे. ज्याची मुलगी दहा मैलांवर दिली होती त्याची मुलगी परदेशी झाली. १९५२ च्या ऑक्टोबरपर्यंत निदान ये-जा मोकळी होती. त्या महिन्यापासून पासपोर्ट आणि व्हिसा आला. इकडचे काही मुसलमान तिकडे गेले, तिकडचे हिंदू इकडे आले. १९५० च्या दंगलींत आले, १९६४ च्या दंगलींत आले, आणि प्रत्येक लाट बनगावच्या फलाटावर येऊन थांबली. १९६५ च्या युद्धात सीमेपलीकडे जाणाऱ्या आगगाड्याही बंद पडल्या.

माशिमा १९६४ साली आल्या. नव्या नवरीचा शंखाचा चुडा हातात, एक ट्रंक, आणि पदरात बांधलेली तुळशीची माती. त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "शाळा टाकून मी येणार नाही." ते तिकडेच राहिले आणि तिकडेच मास्तरकी केली.

ह्या आलेल्या माणसांनी काय केले, हे मला महत्त्वाचे वाटते. निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रांगा आणि तंबू येतात. परंतु तंबूत माणूस काही महिने राहतो. नंतर त्याला गाव लागते. १९५४ साली बनगावला नगरपालिका झाली. आलेल्या लोकांनी आळ्या वसवल्या, शाळा काढल्या, पूजेची मंडळे उभी केली. जेसोरचा फणीचा धंदा पूर्वी नावाजलेला होता. स्वदेशी चळवळीच्या दिवसांत जपानला जाऊन कसब शिकून आलेल्या मन्मथनाथ घोष ह्यांनी तो कारखान्याच्या रूपाने उभा केला होता. फाळणीनंतर तिकडचे कारागीर हे कसब घेऊन बनगावला आले आणि सेल्युलॉइडच्या फण्या येथे होऊ लागल्या. पुढे स्वस्त प्लास्टिकने त्या धंद्याचे पाय ओढले, तरी एका पिढीची चूल त्यावर पेटली. माशिमांचे यजमान फण्यांचे दाते घासण्याच्या कामावरच होते. त्यांच्या हातची एक फणी त्यांनी मला दाखवली. दाते एकसारखे, बोट फिरवले तर कुठे खुपत नाही.

बनगावच्या अलीकडे रेल्वेच्या वाटेवर ठाकुरनगर लागते. तेही असेच नव्याने वसवलेले गाव. हरिचांद ठाकूर (१८१२–१८७८) हे पूर्व बंगालातल्या ओडाकांदी गावचे संत. त्यांनी आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ह्यांनी ज्यांना समाज अस्पृश्य मानत होता त्या नमशूद्र शेतकऱ्यांत मतुआ पंथ उभा केला. संसार सोडू नये, हाताने काम करावे आणि मुखाने नाम घ्यावे, ही शिकवण. आणि गुरुचांदांचा भर शाळा काढण्यावर. फाळणीनंतर त्यांचे वंशज, संविधानसभेचे सभासद असलेले प्रमथरंजन ठाकूर, ह्यांनी १९४८ च्या सुमारास हे गाव वसवले. चैत्रात तेथे मोठी जत्रा भरते. मोठाले ढोल, झांजा, लालपांढरी निशाणे घेऊन लोक नाचत येतात असे ऐकले, तेव्हा मला पंढरीची वाट आठवली. ह्या लोकांपैकी अनेकांना नागरिकत्वाच्या कागदांचा प्रश्न पाऊणशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या छळत आला आहे. त्यासाठी २०१९ साली कायदा झाला, २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे नियम निघाले, आणि वादही पुष्कळ झाले. तो वाद येथे नको. पण ज्याचे आजोबा ह्या मातीत राबले, त्याला "तू कुठला?" असे पुन्हा पुन्हा विचारले गेले की काय वाटते, हे मी तेथे माणसांच्या तोंडावर वाचले.

आणि हे सगळे दूर बंगालात घडले असेही समजू नये. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांपैकी काही कुटुंबांना सरकारने आपल्या चंद्रपूरच्या जंगलपट्टीत वसवले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा, चामोर्शी भागांत त्यांची गावे आहेत, आणि तेथे दुर्गापूजा होते.

आता १९७१ सालाकडे यावे लागते. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालात कत्तल आरंभली आणि पुढील नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे हिंदुस्थानात आली. त्यांतला फार मोठा लोंढा जेसोर रोडने बनगावात शिरला. शाळा, मंदिरे, फलाट, सिमेंटचे मोठाले नळ, रस्त्याकडेची झाडे, जेथे आडोसा मिळेल तेथे माणसे. त्या सप्टेंबरात अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग हा रस्ता पाहून गेला आणि त्याने त्यावर कविता लिहिली. पाऊस सुरू झाला आणि छावण्यांत पटकी पसरली.

पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्या वेळचा रिवाज असा, की शिरेतून सलाईन द्यावे. बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या होत्या. खाटा भरल्या, जमीन भरली, आणि सलाईन संपत आले. कलकत्त्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी तेव्हा एक धाडस केले. २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढे एक लिटर पाण्यात मिसळून ते रोग्याला तोंडाने पाजायचे. प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात हा उपाय सिद्ध झाला होता, पण अशा धुमाळीत, डॉक्टरांवाचून, तो चालेल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. कलकत्त्यात पुड्या भरल्या गेल्या, त्या बनगावला आल्या, पिंपात पाणी कालवले गेले. आणि पाजायचे कोणी? रोग्याच्या आईने, बहिणीने, शेजाऱ्याने. वाटीवाटीने, रात्रभर. शिरेतूनच औषध देत असताना शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत. आठ आठवड्यांत ३७०० हून अधिक रोगी ह्या पाण्यावर ठेवले, आणि शंभरातले चारही दगावले नाहीत.

वाचकहो, आपल्या घरच्या औषधाच्या डब्यात जलसंजीवनीची पुडी असेल. पोराला जुलाब झाले की आपण ती पाण्यात कालवतो. ह्या साध्या पुडीने जगाच्या डोळ्यांपुढे आपली परीक्षा दिली ती बनगावच्या इस्पितळाच्या ओल्या जमिनीवर, परक्या म्हणून आलेल्या माणसांसाठी. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मी माशिमांना विचारले, "त्या वेळी तुम्ही काय करीत होता?" त्या म्हणाल्या, "काय करणार? भात शिजवीत होतो. सात वर्षांपूर्वी आम्हाला कोणीतरी वाढले होते. ताट परत करायला नको?"

त्या युद्धानंतर बांगलादेश झाला आणि रेघेचा जोर काही काळ कमी झाला. बनगावजवळचे पेट्रापोल आणि पलीकडचे बेनापोल ही दोन देशांमधल्या खुष्कीच्या व्यापाराची सर्वांत मोठी वेस झाली. २०१६ साली तेथे नवे भव्य ठाणे उभे राहिले. २०१७ साली कलकत्ता ते खुलना ही 'बंधन एक्सप्रेस' बनगावमार्गे धावू लागली. १९५२ साली ढाक्यात भाषेसाठी गोळ्या झेललेल्या तरुणांच्या स्मरणार्थ २१ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंच्या लोकांनी दोन फाटकांमधल्या जागेत कितीतरी वर्षे फुले वाहिली आणि गाणी म्हटली. मी गेलो तेव्हा मालमोटारींची रांग रस्त्याकडेला उभी होती आणि ड्रायव्हर चुली पेटवून बसले होते. पण २०२४ च्या जुलैत तिकडे उठाव पेटला, बंधन एक्सप्रेस थांबली, आणि ऑगस्टमध्ये तिथले सरकार पडल्यावर व्हिसा मिळणे अतिशय कठीण झाले.

सीमेला तारेचे कुंपण आहे. ते रेघेपासून काही अंतर आत घातलेले असल्याने कित्येक शेतकऱ्यांची जमीन कुंपणाच्या पलीकडे पण देशाच्या अलीकडे पडली आहे. ओळखपत्र दाखवायचे, ठरल्या वेळी फाटकातून नांगर घेऊन जायचे आणि ठरल्या वेळी परतायचे. चोरटा व्यापार आहे, त्यापायी मरणारी पोरे आहेत. सगळे गोड आहे असे सांगून मला वाचकांना फसवायचे नाही.

गावाला आपल्या वारशाची काळजी मात्र आहे. जेसोर रोडवर दुतर्फा विलायती शिरीषाचे प्रचंड वृक्ष आहेत. काली पोद्दार नावाच्या जेसोरच्या धनिकाने आपल्या आईला गंगास्नानाला जाता यावे म्हणून हा रस्ता बांधला आणि तिला सावली व्हावी म्हणून झाडे लावली, असे लोक सांगतात. २०१७ साली उड्डाणपुलांसाठी ती तोडायला सुरुवात झाली तेव्हा शहरातली माणसे झाडांभोवती हात धरून उभी राहिली. ३५६ झाडांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; २०२३ साली तोडण्याची परवानगी कायम झाली. झाडांसाठी भांडलेला एक तरुण मला म्हणाला, "एकाहत्तर साली ह्या झाडांखाली माझी आजी राहिली होती. घरच म्हणा ना आमचे."

मी पोहोचलो तो दिवस आपल्या नरकचतुर्दशीचा. बंगाल्यांची ती भूतचतुर्दशी. दुपारी चौदा प्रकारच्या पाल्यांची भाजी खायची, आणि संध्याकाळी चौदा पणत्या लावायच्या, आपल्या मागच्या चौदा पिढ्यांसाठी. पितर त्या रात्री घर पाहायला येतात. त्यांना वाट दिसावी. आपण कार्तिकात आकाशदिवा टांगतो, तसा तेही उंच बांबूवर 'आकाशप्रदीप' लावतात, आणि तोही पितरांसाठीच.

दिवेलागणीला माशिमा पणत्या मांडीत होत्या. तुळशीपाशी एक, विहिरीपाशी एक, उंबऱ्यावर, जिन्यावर, गोठ्याच्या जागी आता मोटारसायकल असते तेथे एक. आठ वर्षांची नात मोजीत होती. शेवटची पणती त्यांनी मागच्या अंगणात पूर्वेच्या भिंतीवर ठेवली. नातीने विचारले, "ठाकुमा, ही इकडे का?" त्या म्हणाल्या, "चौदांतल्या तेरा पिढ्या त्या बाजूला जळाल्या. तुझे आजोबा तेवढे इकडचे. पाहुणे तेरा येणार ते तिकडून." पोरगी विचारात पडली आणि म्हणाली, "त्यांना फाटकातून सोडतील?"

कोणी हसले नाही. माशिमा पणतीची वात सारखी करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवा दिसला की येतात."

दुसऱ्या रात्री कालीपूजा झाली, ढाक वाजले, फटाके उडाले. त्यानंतरच्या द्वितीयेला आपली भाऊबीज, त्यांचा भाईफोंटा. बहीण डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावते. माशिमांचे थोरले भाऊ, ते न आलेले मास्तर, आता नव्वदीला टेकलेले आहेत. व्हिसा मिळे तोवर बेनापोल ओलांडून दर वर्षी ह्या दिवशी ते येत असत. अलीकडे येणे थांबले. सकाळी नातवाने फोनवर त्यांचा चेहरा लावून दिला. दोघे बहीणभाऊ बराच वेळ एकमेकांची औषधे विचारीत बसले. फोन बंद झाल्यावर माशिमा उठल्या, चंदनाची वाटी घेतली आणि पूर्वेकडच्या दाराच्या चौकटीला करंगळीने टिळा लावला. दूरच्या भावासाठी असा टिळा लावण्याची तेथे चाल आहे. मी म्हणालो, "आमच्याकडे ज्या बहिणीचा भाऊ जवळ नसतो, ती चंद्राला ओवाळते." त्यांना ते फार आवडले. "चंद्र बरा," त्या म्हणाल्या, "दोघांनाही दिसतो. फोनला चंदन लागत नाही."

परत येताना गाडीत मी हिशेब करीत होतो. माशिमांच्या पिढीला तिकडचे गाव, तळे, फणसाचे झाड आठवते. त्यांच्या मुलाला ऐकून माहीत आहे. नातीला पणती कोठे ठेवायची एवढे माहीत आहे. तिच्या मुलीला काय माहीत असेल? भिंतीवरची ती चौदावी पणती कोण ठेवील, आणि ठेवताना मनात माया असेल की नुसता राग? माझ्या मते सीमेवरच्या गावाचे भवितव्य ह्या एका गोष्टीवर ठरते. बनगावने आजवर दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत. पण जेव्हा पटकीचे रोगी दारात आले, तेव्हा त्याने वाटी पुढे केली, हेही खरे आहे.

सुटी संपल्यावर शाळेत गेलो. ती मुलगी आता आठवीत आहे. तिला बोलावून म्हटले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर आणले आहे. रेघेवरची माणसे रेघेच्या एकाच बाजूला झोपतात, पण दिवा दुसऱ्या बाजूला दिसेल असा ठेवतात." तिला ते कितपत कळले, ठाऊक नाही. नकाशात सीमा मी अजूनही जाड रेघेनेच काढायला लावतो. ती खोटी नाही, आणि चुकली तर गुणही जातात. फक्त आता त्या रेघेलगत एक ठिपका द्यायला सांगतो, त्यापुढे 'बनगाव' लिहायला सांगतो, आणि घंटा होईपर्यंत ही गोष्ट सांगतो.